उत्तरेच्या भिंतीलगत पानांचे रंग

पुण्यातल्या आमच्या सोसायटीत इमारतीच्या उत्तर भिंतीला लागून ३० फूट लांब आणि ३ फूट रुंद पट्टा आहे. एका टोकाला आंबा, दुसऱ्या टोकाला जिना. गुलाब, झेंडू, जास्वंद तिथे लागत नाहीत, कारण फुलांना हवं तेवढं ऊन तिथे वर्षभर पोचत नाही. म्हणून हा पट्टा आणि त्यापुढच्या चौदा कुंड्या फक्त पानांच्या रंगावर उभ्या करायचं ठरलं. दोन पूर्ण वर्षं हे काम केल्यावर जे हाती लागलं ते इथे लिहितो आहोत.

सुरुवात झाडांपासून करायची नसते, सावलीपासून करायची असते. मोबाइलवरच्या लक्स (उजेडाचं एकक) मोजणाऱ्या ॲपने फेब्रुवारीत सकाळी ९, दुपारी १ आणि संध्याकाळी ५ वाजता दर पाच फुटांवर नोंद घेतली. फोनचा आकडा तंतोतंत नसतो, पण एका जागेची दुसरीशी तुलना करायला पुरतो. जिन्याजवळ दुपारी बारा हजार लक्स, मधल्या भागात सहा ते आठ हजार, आंब्याखाली दीड हजार. उघड्या उन्हात हाच आकडा लाखाच्या घरात जातो. फोन नसेल तर पांढऱ्या कागदावर फूटभर उंचीवरून हात धरायचा. सावलीची कड रेखीव दिसली तर ते ऊन. कड पुसट पण हाताचा आकार कळतो, तर ती उजेडाची सावली, आणि रंगीत पानांना हीच हवी. सावली पडतच नसेल तर तो काळोखा कोपरा.

फेब्रुवारीतली ही नोंद खरी असली तरी अपुरी ठरते, आणि उत्तरेकडच्या बागेत सगळ्यात जास्त झाडं इथेच जातात. मार्चच्या विषुवदिनानंतर सूर्य पूर्वेच्या उत्तरेला उगवतो. पुण्यात एप्रिलच्या मध्यावर उत्तर भिंतीला सकाळी साधारण साडेआठपर्यंत आणि संध्याकाळी साडेचारनंतर थेट ऊन मिळतं. मेच्या मध्यावर शून्य सावलीचा दिवस येतो, म्हणजे भर दुपारी सूर्य बरोबर डोक्यावर असतो. तिथपासून जुलैच्या अखेरच्या दुसऱ्या शून्य सावलीच्या दिवसापर्यंत सूर्य दिवसभर उत्तरेच्या बाजूलाच असतो. म्हणजे हिवाळ्यात गार, अंधारलेला असणारा पट्टा मेच्या उत्तरार्धात होरपळतो. पाऊस सुरू झाला की ढग सांभाळून घेतात, पण त्याआधीचे तीन-चार आठवडे कठीण असतात. पहिल्या वर्षी ॲग्लोनिमाच्या (रंगीत, रुंद पानांचं शोभेचं झाड) पानांवर कागदासारखे पांढुरके, कोरडे डाग पडले ते याच आठवड्यांत, आणि त्याला रोग समजून बुरशीनाशक फवारलं गेलं. उन्हाने भाजलेलं पान औषधाने बरं होत नाही, ते काढूनच टाकावं लागतं. दुसऱ्या वर्षी १० मेपासून पहिल्या जोरदार पावसापर्यंत पन्नास टक्क्यांची हिरवी शेडनेट चार फुटांवर आडवी आणि पश्चिमेला उभी बांधली. पश्चिमेचा पडदा जास्त महत्त्वाचा. सकाळचं ऊन ही झाडं सोसतात, चार वाजताचं सोसत नाहीत.

मातीचं काम एप्रिलमध्येच उरकलं. इमारतीला लागून असलेल्या मातीत नेहमी निघतो तोच ऐवज निघाला: राडारोडा, सिमेंटचे गोळे, गिलाव्याचा चुना. चुन्यामुळे माती अल्कधर्मी होते, मुळांना लोह मिळत नाही आणि कोवळी पानं पिवळी पडून शिरा तेवढ्या हिरव्या राहतात. फूटभर खोल खणून माती चाळली. मग तीन घमेली चाळलेली माती, एक घमेलं कुजलेलं शेणखत आणि एक घमेलं जुनं भाताचं तूस या प्रमाणात कालवून वाफा जमिनीपेक्षा सहा इंच उंच भरला. शेणखतात आधीच ट्रायकोडर्मा (मुळं कुजवणाऱ्या बुरशीला रोखणारी उपयोगी बुरशी) मिसळून, शंभर किलोला एक किलो या हिशेबाने, आठवडाभर ओलसर गोणपाटाखाली ठेवलं होतं. वाफा भिंतीला टेकवू नये. भिंतीपासून सहा इंच मोकळी खाच ठेवली आणि तीत खडी भरली, नाहीतर पावसाळ्यात ओल घरात उतरते. ही उंची आणि ही खाच सोडू नका. सावलीत माती सावकाश वाळते, त्यामुळे निचरा नसेल तर तिला वाफसा (ओल आणि हवा यांचा योग्य मेळ) कधी येतच नाही, आणि ही झाडं पाण्याच्या कमतरतेपेक्षा कुजलेल्या मुळांनी जास्त मरतात. पहिल्या पावसाळ्यानंतर वाफा दोन इंच खाली बसतो, तेव्हा वरून शेणखत आणि पालापाचोळा घालून भरून घ्यायचा.

आंब्याखालचे पाच फूट वेगळेच आहेत. तिथे अंधार तर आहेच, शिवाय आंब्याची मुळं सगळं पाणी ओढून घेतात. मुळं तोडून खड्डे केले तर वर्षभरात ती पुन्हा येतात आणि आंब्याचंही नुकसान होतं. त्या जागी लागवडच केली नाही, विटांवर कुंड्या ठेवल्या. हे पहिल्याच वर्षी करायला हवं होतं.

कुंडीचं मिश्रण वाफ्याहून हलकं हवं: चार भाग कोकोपीट, दोन भाग गांडूळखत, दोन भाग लाल माती, दोन भाग भाताचं तूस किंवा पर्लाइट (हलके, पांढरे, सच्छिद्र खडे), आणि दहा इंची कुंडीला मूठभर निंबोळी पेंड. पाच किलोच्या कोकोपीटच्या विटेला पंचवीस लिटर पाणी लागतं आणि ती फुगून साठ लिटरच्या वर भरते. ती धुतल्याशिवाय वापरू नये. नारळाच्या काथ्यात मीठ असतं, आणि तेच पुढे पानांच्या कडा करपवतं. गोणीत भरून पाणी सोडायचं, पिळायचं, असं तीन वेळा, निथळणारं पाणी फिकट होईपर्यंत. कुंडीच्या तळाशी खापराचा एकच तुकडा भोकावर पालथा ठेवला. तीन इंच खडी घालण्याची रीत सोडून दिली, कारण खडीवरच्या थरात पाणी अडून राहतं आणि मुळांना मिळणारी जागा मात्र कमी होते.

नर्सरीतून आणलेल्या रोपाची पिशवी फाडून ते तसंच लावलं की बहुतेक वेळा बिघडतं. उरुळी कांचनच्या बाजूच्या नर्सरींतून येणारी रोपं बऱ्याचदा लाल मातीच्या घट्ट गोळ्यात असतात. तो गोळा वाळला की विटेसारखा होतो, आणि वरून घातलेलं पाणी त्याच्या बाजूने निघून जातं. आजूबाजूचं मिश्रण ओलं, मुळं मात्र कोरडी. अर्धा तास बादलीत बुडवून बाहेरचा निम्मा गोळा हाताने सोडवायचा, मुळं फार ओढायची नाहीत, मग लावायचं. बाहेरून आलेले ॲग्लोनिमा याउलट नुसत्या कोकोपीटमध्ये असतात. त्यांचं तळचं एक-तृतीयांश भरण झटकलं तरी पुरतं. लावल्यावर दहा दिवस खत नाही.

आता रंगाबद्दल. लाल-गुलाबी रंग आणि चंदेरी रंग पानात वेगवेगळ्या तऱ्हेने तयार होतात, आणि हे कळलं की कोपऱ्यागणिक झाड निवडणं सोपं जातं. लाल, जांभळा हा रंगद्रव्याचा रंग आहे. उजेड कमी पडला की झाड तो बनवणं कमी करतं आणि पान हिरवट होत जातं. लाल ॲग्लोनिमा, लांबट पानांचं कॉर्डिलाइन, कोलियस यांना म्हणून उजेडाची सावली लागते, आमच्या मापाने पाच हजार लक्सच्या वर. बिगोनिया किंवा ॲल्युमिनियम प्लांट यांची चांदी रंगद्रव्याची नसते. पानाच्या वरच्या सालीखाली हवेच्या बारीक पोकळ्या असतात, त्यांवरून उजेड परततो. ती चमक अंधारात विटत नाही. म्हणून आंब्याखाली लाल काही ठेवलं नाही. तिथे ॲल्युमिनियम प्लांट, चंदेरी पट्ट्यांचा साधा ॲग्लोनिमा आणि पांढऱ्या कडांचा स्पायडर प्लांट आहे, आणि संध्याकाळी सगळ्या पट्ट्यात तोच कोपरा उजळ दिसतो. पांढऱ्या भागात हरितद्रव्य नसतं, त्यामुळे अशी झाडं सावकाश वाढतात आणि मधूनच एखादा पूर्ण हिरवा फुटवा काढतात. तो बुडापासून कापावा, नाहीतर जोमाने वाढून तो बाकीच्यांना झाकून टाकतो. नत्र जास्त झालं तरी रंग हिरव्याकडे झुकतो. युरियाला या पट्ट्यात जागा नाही.

पट्ट्याची मांडणी अशी. मागे दोन-दोन फुटांवर कॉर्डिलाइन आणि मधेमधे पर्शियन शील्ड. हे मूळचं म्यानमारकडचं, आपल्या सह्याद्रीतल्या कारवीच्याच कुळातलं झुडूप. त्याचं जांभळं पान धातूसारखं चकाकतं, पण फक्त कोवळं असताना, म्हणून दर सहा आठवड्यांनी शेंडे खुडून नवी फूट घ्यावी लागते. मधल्या ओळीत दीड फुटावर ॲग्लोनिमा. पुढे सहा इंचांवर जांभळट पानांचं हेमिग्राफिस आणि आठ इंचांवर तलवारीसारख्या पानांचा बुटका रिओ. हेमिग्राफिस जमिनीवर पसरून तणाला जागा देत नाही, आणि त्याच्या चार इंची छाट कलमांना पावसाळ्यात दहा-बारा दिवसांत मुळं फुटतात. सगळी रोपं विकत आणायची गरज नाही. पुढची जागा भरायला सहा रोपं पुरली, बाकीची त्यांच्याच छाटणीतून झाली.

कॅलेडियमचं प्रकरण मोठं आहे. तळहाताएवढ्या, गुलाबी शिरांच्या, पांढऱ्या पातळ पानांचं हे कंदवर्गीय झाड अळूचं नातेवाईक आहे, आणि काही नर्सरीवाले त्याला रंगीत अळूच म्हणतात. ते खायचं नाही. त्यात कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे कण असतात आणि तोंडाला, घशाला जबर खाज-सूज येते. भाजीचा अळू आणि कॅलेडियम एका वाफ्यात कधीही लावू नयेत. कंद हाताळताना हातमोजे घालावेत. लहान मुलं, कुत्री-मांजरं असतील तर कुंडी उंचावर ठेवावी. डिफेनबाखिया आणि ॲग्लोनिमालाही हेच लागू.

कॅलेडियमचा कंद एप्रिलच्या सुरुवातीला लावला. ज्या बाजूला गाठी-डोळे असतात ती वर, आणि वर दोन इंच माती. मधला सगळ्यात मोठा डोळा चाकूच्या टोकाने काढून टाकला तर बाजूचे डोळे फुटतात. पानं थोडी लहान येतात, पण दोन-तीनऐवजी आठ-दहा येतात आणि झाड भरगच्च होतं. कापलेल्या जागी राख लावून एक दिवस वाळू द्यायचं. लावल्यावर एकदा पाणी, आणि मग कोंब दिसेपर्यंत माती नुसती दमट. पहिल्या वर्षी लावलेल्या चोवीसपैकी नऊ कंद कोंब येण्याआधीच सडले. कारण एकच होतं: बाकीच्या पट्ट्यासोबत त्यांनाही रोज पाणी दिलं जात होतं. मुळं नसलेला कंद पाणी पीत नाही, त्यात तो नुसता भिजत राहतो. कोंब यायला तीन ते पाच आठवडे लागतात. तोवर उकरून पाहू नये.

दुसऱ्या वर्षी सगळे कॅलेडियम सहा इंची कुंड्यांत लावले आणि कुंडीसकट वाफ्यात पुरले, काठ मातीच्या अर्धा इंच वर ठेवून. या एका बदलाने अर्धी कटकट संपली. पाणी वेगळं देता येतं, आणि नोव्हेंबरमध्ये पानं पिवळी पडून झाड झोपायला लागलं की कुंडी उचलून नेता येते. मोकळ्या भोकात त्याच मापाच्या कुंडीतला स्पायडर प्लांट बसतो आणि हिवाळाभर पट्टा बोडका दिसत नाही. पानं पिवळी पडायला लागली की पाणी कमी करत तीन आठवड्यांत पूर्ण बंद करायचं. पानं हिरवी असताना कापू नयेत, कारण त्यांतलं अन्न कंदात उतरत असतं. मग कुंड्या आडव्या करून कोरड्या खोलीत ठेवायच्या. बाल्कनीत नको, पुण्यात जानेवारीची रात्र दहा अंशांच्याही खाली उतरते. कंद काढून ठेवायचे तर आठवडाभर सावलीत वाळवून, राख चोळून, कोरड्या कोकोपीटमध्ये कागदी पिशवीत. प्लास्टिकमध्ये घाम धरून ते बुरसतात. कोकणात, गोव्यात थंडी बेताची असल्याने कॅलेडियमची झोप उथळ असते, तरी डिसेंबर-जानेवारीत पाणी कमी केलेलं बरं.

नक्षीदार पानांच्या कॅलेथियाने सगळ्यात जास्त शिकवलं. पानांच्या कडा तपकिरी होत गेल्या आणि पाणी वाढवूनही थांबल्या नाहीत. दोष बोअरवेलच्या जड पाण्याचा होता. क्षार कुंडीत साठतात, मातीवर पांढरा थर दिसतो, आणि पानाचं टोक आधी करपतं. पावसाचं पाणी साठवलेलं असेल तर उत्तम. नसेल तर एसीतून निघणारं पाणी चालतं, त्यात क्षार जवळजवळ नसतात. आरओ यंत्रातून वाया जाणारं पाणी मात्र कधीही नाही. त्यात मूळ पाण्यातले क्षार आणखी दाट झालेले असतात. पाणी बदलल्यावर जुनी पानं सुधारत नाहीत, पण पुढची स्वच्छ येतात. दर दोन महिन्यांनी कुंडीत तिच्या आकारमानाच्या दुप्पट पाणी सावकाश सोडून क्षार धुऊन काढायचे. एवढं करूनही पुण्याच्या मार्च-एप्रिलच्या कोरड्या हवेत कॅलेथिया कष्टीच राहतो. मुंबईत, किनाऱ्याला तो सहज होतो. पट्ट्यात आम्ही तो ठेवला नाही, जिन्याखाली दोन कुंड्या एकमेकींना चिकटून ठेवल्या आहेत, खाली ओल्या खडीचं ताट आहे. ताटातलं पाणी खडीच्या वर येऊ देत नाही, मुळांसाठीही आणि डासांसाठीही.

जानेवारीत एम्प्रेस गार्डनच्या पुष्पप्रदर्शनाच्या दिवसांत पुणेकर भरपूर रोपं घेतात. हरितगृहातल्या दमट हवेत वाढलेला कॅलेथिया, फिटोनिया किंवा रेक्स बिगोनिया त्या थंड-कोरड्या आठवड्यांत घरी आला की आठ दिवसांत मान टाकतो. तो महिना बघण्याचा, नावं टिपून घेण्याचा. खरेदी जूनच्या शेवटी करावी.

कोलियस बारमाही असला तरी दुसऱ्या वर्षी खोड लाकडासारखं होऊन खालून उघडा पडतो. पानओव्याचा हा सख्खा भाऊ, आणि तितक्याच सहज लागतो. सप्टेंबरअखेर चार इंची शेंडे कापून, खालची पानं काढून पाण्यात ठेवले की आठवड्यात मुळं येतात. जुनं झाड मग काढून टाकायचं. निळसर फुलांचे तुरे दिसताच खुडावेत. फुलोरा धरला की पानं लहान आणि फिकट होतात.

पावसाळ्यात शत्रू गोगलगाय. रात्री ओलं गोणपाट वाफ्यात अंथरायचं, पहाटे उलटायचं, खाली जमलेल्या गोगलगायी हातमोजे घालून उचलायच्या आणि मिठाच्या पाण्याच्या बादलीत टाकायच्या. जूनच्या पहिल्या पंधरवड्यात हे रोज केलं तर पुढे आठवड्यातून दोनदा पुरतं. विषारी गोळ्या सोसायटीत वापरल्या नाहीत, कुत्री त्या खातात. पाऊस संपला की पिठ्या ढेकूण येतो, देठाच्या बेचक्यात कापसासारखा. थोडा असेल तर स्पिरिटचा बोळा, जास्त असेल तर लिटरभर पाण्यात ५ मिली नीमतेल आणि २ मिली पातळ साबण, संध्याकाळी, दर सात दिवसांनी तीनदा. एकदाच फवारून सोडलं तर अंड्यांतून पुढची पिढी येते. मार्च-एप्रिलमध्ये कॉर्डिलाइनच्या पानाखाली लाल कोळी जमतो, पान धुळकट, ठिपकेदार दिसतं. त्याला पानाच्या खालून पाण्याचा जोरदार फवारा दिला की निम्मं काम होतं.

खत थोडंच. जून ते ऑक्टोबर दर पंधरा दिवसांनी १९:१९:१९ (नत्र, स्फुरद, पालाश सारखे असलेलं विद्राव्य खत) लिटरला एक ग्रॅम, तेही माती ओली असताना. नोव्हेंबर ते फेब्रुवारी काहीच नाही. थंडीत मुळं खात नाहीत, खत मातीतच राहतं. लोहाच्या कमतरतेने पिवळ्या पडलेल्या पानांवर चिलेटेड लोह (झाडाला सहज घेता येईल अशा रूपातलं) लिटरला अर्धा ग्रॅम फवारलं, पंधरा दिवसांच्या अंतराने दोनदा.

पाण्याचं वेळापत्रक ठरवून चालत नाही. बोट दोन पेरं मातीत घालायचं, कोरडं निघालं तर पाणी. एप्रिलमध्ये कुंड्यांना रोज लागतं, डिसेंबरात आठ दिवसांनीही नको असतं. सोसायटीचे माळी सगळीकडे सारखंच पाणी सोडतात, म्हणून ज्या कुंड्यांना कमी हवं त्यांच्या काठावर लाल रंगाची पट्टी ओढली आहे. आता पट्टी दिसली की ते आधी माती दाबून बघतात.

यंदा जिन्याजवळच्या उजेडात काळपट जांभळा रिओ आणि पांढरा कॅलेडियम शेजारी लावायचा आहे. त्यासाठीचे अठरा कंद कागदी पिशव्यांत वाळत ठेवले आहेत, एप्रिल उजाडला की मोठे डोळे काढायचे.